रायफलचं काडतूस पिस्तुलात: कुठे जमतं, कुठे फसतं

प्रश्न असा आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या एका परवानाधारकाकडे आजोबांच्या वेळची इछापूरची .३१५ (हा आकडा म्हणजे ढोबळमानाने नळीचा इंचातला व्यास) रायफल आहे आणि कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. परदेशात .४५-७०, .२२३, अगदी .३०८ सारख्या रायफलच्या काडतुसांची पिस्तुलं मिळतात, हे त्यांच्या वाचनात आलं. असं हत्यार व्यवहारात कितपत उपयोगी, आणि रायफल नि पिस्तूल दोन्हींना एकच काडतूस का चालू नये, हे त्यांना हवंय.

आधी उत्तर सांगून टाकतो. लांब नळीचं, एकबारी, दुर्बीण लावलेलं आणि वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायचं हत्यार असेल तर ते उत्तम चालतं, अचूकही असतं. कमरेला लावायचं, घाईत काढायचं, घरात स्वसंरक्षणाला ठेवायचं असेल तर ते वाईट हत्यार आहे. दोन्हींमधला फरक नळीत आहे.

काडतूस आणि नळी एकमेकांसाठी बनवलेली असतात. ९ मिमी पिस्तुलाच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, साधारण पाव ते अर्धा ग्रॅम दारू असते आणि ती झटक्यात जळणारी असते. .३०८ मध्ये तीन ग्रॅमच्या जवळपास दारू असते, तीही संथ जळणारी, कारण तिला गोळी ५५-६० सेंटिमीटर नळीतून सतत ढकलत न्यायची असते. नळी आखूड केली की उरलेली दारू बाहेर जाऊन जळते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बरीचशी दारू नळीच्या सुरुवातीच्या भागातच जळून जाते. अपुरी पडते ती गॅसला पसरायला लागणारी जागा. गोळी बाहेर पडते तेव्हा तिच्या मागे प्रचंड दाबाचा तापलेला वायू शिल्लक असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. बाहेरची हवा लागताच तो वायू पेटतो आणि तोंडाशी भांड्याएवढा जाळ दिसतो. म्हणजे जी शक्ती गोळीला मिळायला हवी होती ती आवाज आणि उजेड होऊन तुमच्याच तोंडावर येते.

आकड्यांत पाहू. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे ३.५६ ग्रॅम, २० इंची नळीतून सेकंदाला सुमारे ९८० मीटर वेगाने निघते आणि ऊर्जा १७०० ज्यूलच्या आसपास भरते. साडेसात इंची नळीतून तीच गोळी ७२० मीटरच्या आसपास येते आणि ऊर्जा ९०० च्या थोडी वर उरते. निम्म्याच्या जवळपास गेली. तरी ती ९ मिमीच्या दुप्पट आहे, हेही खरं. पण .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची २४० ग्रेनची गोळी १३०० ज्यूलपर्यंत जाते, आणि ते काडतूस मुळातच हातात धरायच्या हत्यारासाठी बनलेलं आहे. शिवाय या ५५ ग्रेनच्या लष्करी गोळीचा परिणाम ती लक्ष्यात शिरल्यावर तुटण्यावर अवलंबून असतो. त्यासाठी तिला सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेग लागतो. साडेसात इंची नळीतून तो वेग तोंडाशीसुद्धा मिळत नाही. मग उरतं ते बारीक भोक पाडणारं, कान फाडणारं हत्यार.

कारखानदारांना हे कधीच कळलेलं होतं. रेमिंग्टनने १९६३ मध्ये एक्सपी-१०० हे बोल्टचं एकबारी पिस्तूल काढलं तेव्हा आधी विचार होता .२२२ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाचा. पावणेअकरा इंची नळीत त्याचा आवाज आणि जाळ अतिच झाला, म्हणून पुंगळी आखूड करून .२२१ फायरबॉल हे नवं काडतूस बनवलं. २०११ मध्ये अमेरिकेत मानक ठरलेलं .३०० ब्लॅकआउट हे त्याच विचाराचं आधुनिक रूप आहे. पुंगळी लहान, गोळी जाड, दारू झटपट जळणारी, त्यामुळे नऊ इंची नळीतही वेगाचा तोटा थोडाच होतो. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइनची आखणी केली तेव्हा इन्सास या लष्करी रायफलचं ५.५६ × ४५ काडतूस आखूड नळीत कोंबलं नाही. ५.५६ × ३० असं आखूड पुंगळीचं वेगळं काडतूस घेतलं. नळी कमी करायची तर काडतूसही कमी करावं लागतं, हे यातून स्पष्ट दिसतं.

आता धक्का. गोळीचं वजन गुणिले वेग, अधिक दारूचं वजन गुणिले बाहेर पडणाऱ्या गॅसचा वेग, या बेरजेला हत्याराच्या वजनाने भागलं की हत्यार किती वेगाने मागे येतं ते कळतं. ढोबळ हिशेबाने चार किलोच्या .३०८ रायफलचा धक्का १९-२० ज्यूलचा येतो आणि तो खांद्याच्या रुंद भागावर पसरतो. दोन किलोच्या पिस्तुलात वेग कमी होऊनही तो ३० ज्यूलच्या आसपास जातो आणि सगळा मनगटावर येतो. .३२ रिव्हॉल्व्हरचा धक्का याच हिशेबाने दीड-दोन ज्यूल आहे. बेरजेतला दारूचा वाटा लोक विसरतात. आखूड नळीत गोळी मंद होते, पण दारू तेवढीच राहते आणि गॅस उलट जास्त जोराने सुटतो. म्हणून नळी कापली की धक्का अपेक्षेएवढा उतरत नाही. नळीच्या तोंडाला गॅस वळवणारा ब्रेक लावला तर तो बराच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे वळतो, म्हणजे शेजारच्या नेमबाजाच्या कानावर. एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर गेला की कानाला कायमची इजा होऊ शकते. ही हत्यारं तो आकडा सहज ओलांडतात. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत. छताखालच्या बंद रेंजवर तर मारूच नयेत.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक भानगड आहे. रायफलची बहुतेक काडतुसं बाटलीच्या आकाराची असतात, खाली रुंद आणि वर मान. बार उडाला की पुंगळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि तिला मागे ढकलणारा जोर भिंतच काही प्रमाणात पेलते. मानेच्या उतारामुळे आणि जास्त दाबामुळे बाटलीच्या आकाराची पुंगळी मागे सरकायला जास्त उत्सुक असते. ती थोडी जरी मागे आली तरी सिलिंडर मागच्या पाटीला घासतो आणि फिरायचा थांबतो. स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये .२२ जेट काडतुसाचं मॉडेल ५३ आणलं, त्यात नेमकं हेच झालं. चेंबरला तेलाचा अंश राहिला तर पुंगळीची भिंतीवरची पकड सुटायची आणि सहाबारी रिव्हॉल्व्हर पहिल्या बारालाच अडकून बसायचं. रुगरच्या .३० कार्बाइन रिव्हॉल्व्हरला हा त्रास तेवढा झाला नाही, कारण त्या पुंगळीला मान नाही, ती सरळ निमुळती आहे. त्याचा आवाज मात्र बदनाम आहे.

.४५-७० चं रिव्हॉल्व्हर याच कारणाने शक्य झालं. १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने घेतलेलं हे काडतूस सरळ भिंतीचं आहे आणि त्याचा मानक दाब २८,००० पीएसआयच (पौंड प्रति चौरस इंच) आहे. .३०८ चा ६२,००० आहे. मॅग्नम रिसर्चचं बीएफआर हे काडतूस पचवतं, पण त्यासाठी सिलिंडर बराच लांब करावा लागला आणि वजन दोन किलोच्या घरात गेलं. ३०० ग्रेनच्या गोळीला धक्का ४० ज्यूलच्या आसपास येतो. एका वेळी पाच बार मारून दाखवणारे खूप भेटतील, दिवसाला पन्नास मारणारा विरळा. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून जो गॅस बाजूला सुटतो तो कापड फाडतो आणि बोट असेल तर बोटही. आधाराचा हात त्या फटीपुढे कधीच जाता कामा नये.

आता ही हत्यारं जमतात कुठे, ते पाहू, आणि इथे मन मोकळं करून कौतुक करायला हवं.

१९६७ मध्ये थॉम्प्सन/सेंटरचं कंटेंडर आलं. मधून दुमडून भरायचं, एकबारी, नळी बदलता येणारं. एकाच चौकटीवर आज .२२ ची नळी लावा, उद्या .२२३ ची, परवा .३०-३० ची. .३०८ च्या वर्गातल्या दाबाला मात्र ती चौकट नव्हती. त्यासाठी नंतर एन्कोर हे जास्त मजबूत मॉडेल आलं. हे लक्षात न घेता 'नळी बसते ना, मग चालेल' असं म्हणणं धोक्याचं आहे. चौकटीवर पडणारा भार म्हणजे दाब गुणिले पुंगळीच्या तळाचं आतलं क्षेत्रफळ. .३०८ मध्ये तो पावणेचार टनांच्या आसपास जातो. .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये तो अर्ध्या टनाच्या जवळ आहे. आकाराने थोडाच फरक दिसणाऱ्या दोन हत्यारांत लोखंडाकडून आठपट काम मागितलं जातं.

या हत्यारांचं खरं मैदान म्हणजे सिल्हूट नेमबाजी. मुळात ही मेक्सिकोची स्पर्धा. पिस्तुलासाठी तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये उभी राहिली. ५० मीटरवर लोखंडी कोंबड्या, १०० वर डुकरं, १५० वर टर्की, २०० वर मेंढे. नुसतं लागून भागत नाही, पाडावं लागतं. २०० मीटरवरचा जड मेंढा साध्या पिस्तुलाच्या गोळीने लागतो पण कधीकधी हलून तसाच उभा राहतो. तिथे रायफलच्या काडतुसाला अर्थ आला. नेमबाज पाठीवर आडवे होऊन पिस्तूल पायाच्या बाजूला टेकवून मारतात. रिव्हॉल्व्हर असेल तर त्या पायावर जाड चामड्याचं किंवा तसंच काही संरक्षण बांधतात. कारण वर सांगितलंच: फटीतला गॅस.

अचूकतेबद्दल एक गैरसमज दूर करू. आखूड नळी म्हणजे कमी अचूक, असं नाही. आखूड नळी उलट जास्त ताठ असते. चांगलं एकबारी पिस्तूल टेकवून मारलं तर १०० मीटरवर गोळ्यांचा तीन-चार सेंटिमीटरचा घोळका देतं. अडचण नेमाची असते. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर १५ सेंटिमीटर असेल आणि डोळ्याची चूक अर्ध्या मिलिमीटरची झाली, तर १०० मीटरवर गोळी ३३ सेंटिमीटर सरकते. रायफलवर ते अंतर ६० सेंटिमीटर असतं, तिथे तीच चूक आठ सेंटिमीटरवर येते. म्हणून दुर्बीण लागते, आणि तीही पिस्तुलाची. रायफलची दुर्बीण डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर धरायची असते. पिस्तूल हात लांब करून धरतात, म्हणून त्याच्या दुर्बिणीत ३० ते ६० सेंटिमीटरवरून पूर्ण चित्र दिसावं लागतं. रायफलची दुर्बीण लावून चित्र दिसावं म्हणून पिस्तूल चेहऱ्याजवळ आणणाऱ्याच्या भुवईवर पहिल्याच बाराला खूण उठते.

परदेशात किंवा एखाद्या रेंजवर असं हत्यार हाती आलंच तर करायचं काय? दुर्बिणीला दोनऐवजी तीन कड्या हव्यात, कारण जोरदार धक्क्याने ती कड्यांतून पुढे घसरते आणि नेम हळूहळू भलतीकडे जातो. माणूस गोळीला दोष देत बसतो. दर वीसेक बारांनी स्क्रू तपासा. पुढची लाकडी मूठ वाळूच्या पिशवीवर ठेवा, नळी कधीच नाही. नळी टेकवली की तिची थरथर बदलते आणि गोळ्या वर जातात. मागची मूठ रोज सारखीच घट्ट धरा. गोळी नळीत असतानाच हत्यार हलू लागतं, त्यामुळे पकड सैल-घट्ट झाली की मार वर-खाली होतो. हा दोष रायफलपेक्षा पिस्तुलात कितीतरी मोठा दिसतो. नेम आधी २५ मीटरवर जुळवा, मग १०० वर. आणि दिवसाला वीस-पंचवीस बारांनंतर थांबा. त्यापुढे चाप ओढण्याआधीच हात दचकायला लागतो आणि एकदा ती सवय लागली की जाता जात नाही. नळी बदलता येत असेल तर .२२ ची नळी लावून सराव करा. पकड आणि चाप तोच राहतो, दचक लागत नाही.

गोळी निवडण्यातही लोक चुकतात. रायफलच्या शिकारी गोळ्या ठरावीक वेगाच्या वर असल्या तरच फुलतात, बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो. पिस्तुलातून निघालेली गोळी १०० मीटरवर त्याच्या खाली आलेली असू शकते. मग ती सुईसारखी आरपार जाते. .३०-३० साठी बनलेल्या मऊ टोकाच्या गोळ्या म्हणूनच पिस्तुलात जास्त चांगल्या वागतात.

आपोआप भरणाऱ्या, एआर-१५ या अमेरिकी रायफलच्या धाटणीच्या पिस्तुलांबद्दल जास्त लिहीत नाही. ती मोठ्या प्रमाणात निघाली ती कायद्यामुळे. अमेरिकेत १९३४ पासून आखूड नळीच्या (आता १६ इंचांहून कमी) रायफलला वेगळी नोंदणी लागते, पिस्तुलाला ती लागत नाही. तांत्रिक बाजूने पाहिलं तर यंत्रणा चालवणारा गॅस नळीतून घेणारं छिद्र चेंबरच्या जवळ आल्याने यंत्रणेला जास्त दाबाचा फटका बसतो. पुंगळी ओढणारा आकडा आणि बोल्टचे दात लवकर झिजतात.

हे सगळं झालं परदेशातलं. ग्वाल्हेरात बसून यातलं काय करता येतं? जवळजवळ काहीच नाही. सिल्हूटसारखी स्पर्धा आपल्याकडे रुजलेली नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे. ऑलिंपिक धर्तीच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाला काडतूस ७.६२ ते ९.६५ मिमीचं चालतं, पण नळी १५३ मिमीपेक्षा लांब आणि हत्यार १४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. त्या मापात रायफलचं काडतूस कोणी शहाणा घालणार नाही. परदेशी हत्यार आणायची मुभाही सामान्य परवानाधारकाला नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांपुरती आहे.

आपल्या भागात रायफलचं काडतूस डागणारं 'पिस्तूल' एकच माहीत आहे, आणि ते म्हणजे भिंड-मुरैनाच्या बातम्यांत रोज दिसणारा .३१५ चा गावठी कट्टा. त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. वर सांगितलेले सगळे दोष त्यात आहेतच: जाळ, आवाज, मनगटाला झटका. वर लोखंडाची प्रत कोणी तपासलेली नाही, दाबाची चाचणी झालेली नाही, नळीत गोळीला फिरवणारा पीळ (वळणदार खाचा) नाही. पीळ नसल्याने गोळी फिरत नाही, गडगडत जाते आणि लक्ष्यावर आडवी लागते. पुंगळी फाटली तर गॅस मागे, म्हणजे थेट हात-डोळ्यांवर येतो. कट्टा बनवणाऱ्याला शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच परवानाधारकांना ठाऊक नसते: स्वतःच्या परवान्यावरच्या रायफलची नळी कापून आखूड करणं हाही १९५९ च्या कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. आजोबांची रायफल 'थोडी सुटसुटीत' करून देतो म्हणणारा कोणी भेटलाच तर त्याच्या दुकानातून रायफल उचलून घरी आणावी.

राहिला एकाच काडतुसाचा प्रश्न. कल्पना जुनी आहे आणि चुकीची नाही, फक्त दिशा उलटी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतूस घ्यायची. कोल्टने १८७८ मध्ये त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि एका पट्ट्यातल्या गोळ्या दोन्हींत चालू लागल्या. चाललं, कारण ते काडतूस मवाळ होतं, पिस्तुलाला झेपणारं होतं. पिस्तुलाच्या ताकदीचं काडतूस लांब नळीत घातलं तर ते सुधारतं. .३५७ मॅग्नम कार्बाइनमध्ये लक्षणीय वेग मिळवतं. रायफलच्या ताकदीचं काडतूस आखूड नळीत घातलं तर ते बिघडतं. तुमच्या बाबतीत तर निवडच उरत नाही: .३१५ ची पुंगळी बाटलीच्या आकाराची आणि दाब रायफलचा. परवान्यावर प्रत्येक हत्यार बोअर (नळीचं माप) आणि क्रमांकासह लिहिलेलं असतं आणि काडतुसांचा कोटाही त्याच बोअरवर ठरतो, तेव्हा दोन बोअर वेगळे असल्याने तुमचं काही बिघडत नाही.

तेव्हा .३२ रिव्हॉल्व्हर मवाळ आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. रेंजवर २५ मीटरला ते नीट शिकण्यासारखं आहे. पावसाळ्यात तेल लावून ठेवलं असेल तर मारण्याआधी सहाही चेंबर कोरड्या कापडाने पुसून घ्या. दाब कमी असल्याने .२२ जेटसारखं ते अडकणार नाही, पण पुंगळीला भिंतीची पकड मिळायला हवी. आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेली काडतुसं भरण्याआधी तळाच्या टोपीवर हिरवट डाग दिसतोय का ते पाहा. दिसला तर ती बाजूला काढून परवानाधारक विक्रेत्याकडे न्या. त्यांची नोंद करून पुढचं तो पाहील.